कान झाकून बसलेला रेडिओ

आधीच सांगून टाकतो: किनोउरा गावात बिनतारी रेडिओवर बोलणारे आम्ही दोघंच, मी आणि शेजारचे ओत्सुजी-सान, आणि दोघांत परवाना आधी मिळवला तो मी. हे सांगितल्याशिवाय पुढचं काही सांगायला मला बरं वाटणार नाही. ओत्सुजी-सान मला ‘सेनपाई’ म्हणतात. आपल्याआधी शिकलेल्या माणसाला आमच्याकडे जन्मभर तसंच म्हणायचं असतं, मग नंतर आलेला भले बँकेचा मॅनेजर होऊन निवृत्त होवो. मी पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालो. असो.

रेडिओवर बोलायची आमची एक रीत आहे, ती समजल्याशिवाय माझ्या यातना कळायच्या नाहीत. समोरच्याचा आवाज कसा येतोय हे दोन आकड्यांत सांगायचं. पहिला आकडा शब्द किती स्पष्ट आहेत याचा, तो पाचापर्यंत. दुसरा आवाज किती जोरकस आहे याचा, तो नवापर्यंत. म्हणजे ‘पाच-नऊ’ याचा अर्थ उत्तम, त्याहून वर काही नाही. आता हे आकडे खरे सांगायचे असतात असं पुस्तकात लिहिलंय. पण एखाद्या भल्या माणसानं पहाटे उठून, घसा साफ करून, आपल्याला हाक मारायची आणि आपण त्याला म्हणायचं ‘तुमचा आवाज तीन-दोन’? हे म्हणजे कुणाच्या घरी जेवायला जाऊन आमटी पातळ झालीय म्हणण्यासारखं. त्यामुळे आम्ही सगळे सगळ्यांना पाच-नऊ देतो. पलीकडून नुसती खरखर आली तरी म्हणतो, “पाच-नऊ, पाच-नऊ! अगदी सुरेख! फक्त आपलं नाव, गाव आणि मघापासून काय बोललात तेवढं परत सांगता का?”

तर झालं असं की गावसमितीच्या बैठकीत माझ्या छपरावरच्या ॲन्टेनाचा विषय निघाला. निघाला तोसुद्धा आमच्या पद्धतीनं. मागच्या घरातल्या इकुता-बाई चहाचा कप खाली ठेवत गोड हसून म्हणाल्या, “तोगाशी-सानच्या ॲन्टेनामुळे हल्ली कावळे अगदी जवळून पाहायला मिळतात.”

 कावळे ॲन्टेनावर बसतात आणि इकुता-बाईंचे वाळत घातलेले कपडे बरोबर त्याखाली येतात, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मी म्हणालो, “आवडतात का तुम्हाला कावळे? वा, वा.”

समितीच्या अध्यक्षा कुसुनोकी-बाई म्हणाल्या, “म्हणजे आपण सगळ्यांनी मिळून या गोष्टीचा नीट विचार करू या.”

 आमच्याकडे ‘नीट विचार करू’ याचा अर्थ एकच: पुढच्या महिन्यात शिडी घेऊन माणसं येणार. मी उभा राहिलो. म्हणालो, गेल्या हिवाळ्यात समुद्राखालची तार तुटून कोमेशिमा बेटावरचे सगळे फोन मुके झाले, बोट जाऊन येईपर्यंत तिथं काय चाललंय कुणाला पत्ता नव्हता, आठवतंय ना? त्यानंतर त्या बेटावरच्या हात्सुने आजींनी, होय, नातवंडं असलेल्या बाईंनी, चष्मा लावून परीक्षा दिली, परवाना काढला, एक छोटासा सेट घेतला. रोज सकाळी त्या मला हाक मारतात. उद्या भूकंप झाला तर बेटाची खबर येणार ती माझ्या ॲन्टेनातूनच!

“येते का खरंच ऐकू?” कुसुनोकी-बाईंनी विचारलं.

“पाच-नऊ!” मी म्हणालो.

मग ठरलं ते असं. गावाच्या आपत्ती-सरावाच्या दिवशी मी माझा सेट समाजमंदिरात आणायचा, तार माझ्या ॲन्टेनापर्यंत ओढायची, आणि हात्सुने आजी सरावासाठी तिकडून जो निरोप वाचतील तो सगळ्यांसमोर ऐकवायचा; त्याची बंद प्रत कुसुनोकी-बाईंकडे. आला, तर ॲन्टेना राहील. नाही आला, तर उतरेल. नगरपालिकेतला मिनोवा-कुन नावाचा अतिशय नम्र तरुण होता, तो म्हणाला की आपण तो आवाज गावातल्या खांबांवरच्या भोंग्यांनाच जोडू, म्हणजे साऱ्या गावाला ऐकू येईल. मी मान ताठ करून म्हणालो, “जोडा.”

घरी आल्यावर सायोकोला हे सांगितलं. आमच्या हिला उत्साहाच्या भरात टाचणी लावायची कला फार चांगली येते. ती म्हणाली, “अहो, पण तुम्हाला त्या आजींचं काही ऐकू येतं तरी का? परवा त्या काहीतरी विचारत होत्या आणि तुम्ही नुसतं ‘हो, हो, हो’ करत होतात.”

“ते ‘हो’ म्हणजे ऐकतोय या अर्थाचं हो.”

“आणि आज बोटीनं आलेलं ते पिंप? ते कुठल्या अर्थाचं?”

पिंपात कोंड्यात मुरवलेले बांगडे होते. आजींनी ‘पाठवू का’ असं विचारलं असणार आणि मी हो म्हणालो असणार. मुरवलेला बांगडा चवीला उत्तम, पण पिंपभर बांगड्याचा वास काही आमच्या अंगणात मावेना. दुसऱ्या दिवशी इकुता-बाई कुंपणापलीकडून म्हणाल्या, “तोगाशी-सानकडे समुद्राची आठवण किती ताजी असते!” माझ्यावरचा तो दुसरा गुन्हा.

मग मात्र मी हबकलो. सकाळी सेट लावून बारकाईनं लक्ष दिलं. आधी ओत्सुजी-सान आले. “सुप्रभात, सेनपाई!” असं काही गरजले की खिडकीची काच थरथरली. त्यानंतर आजींची पाळी. आणि त्यानंतर... काही नाही. शुकशुकाट. सेट चालू, दिवा लागलेला, मापाचा काटा मध्यावर जाऊन बसलेला, आणि आवाज म्हणून शून्य. बऱ्याच वेळानं हळूहळू खरखर परत आली, तेव्हा आजी “...तर मग ठरलं, बरं का!” एवढं म्हणून गेल्या होत्या. काय ठरलं ते देवाला ठाऊक. मी “पाच-नऊ, आजी” म्हणालो.

बातमी गावात फुटायला वेळ लागला नाही. सल्ल्यांना तर ऊत आला. कुणी म्हणालं कान दाखवा. कुणी बांबूची कानकोरणी आणून दिली, ती मी काय रेडिओत घालणार होतो? इकुता-बाईंनी देवळातून पुजाऱ्याला बोलावून सेटवर मंत्रजल शिंपडायचं सुचवलं. विजेच्या यंत्रावर पाणी शिंपडायचं सुचवण्यामागे नेमका काय हेतू होता हे मी विचारलं नाही. सेट बनवणाऱ्या कंपनीला फोन केला. तिथल्या मुलीनं इतक्या वेळा आणि इतक्या मनापासून माझी क्षमा मागितली की शेवटी मीच तिचं सांत्वन केलं. त्या मॉडेलचे भाग आता मिळत नाहीत एवढंच त्यातून निष्पन्न झालं.

मग मी स्वतः स्क्रूड्रायव्हर उचलला. लोकांना वाटतं दुरुस्ती म्हणजे उघडायचं आणि दिसेल ते बदलायचं. छे! दुरुस्ती म्हणजे चौकशी. पाण्याच्या खात्यात मी जन्मभर तेच केलं. नळाला पाणी नाही म्हणून कुणी रस्ता खणत नाही, आधी पाणी कुठपर्यंत येतंय ते बघायचं असतं. तसंच आधी आवाजाची बाजू पाहिली. सेट उघडला, आवाज कमी-जास्त करायच्या बटणाच्या मागच्या टोकाला स्क्रूड्रायव्हरच्या पात्यावरून बोट लावलं. स्पीकरमधून असा काही हंबरडा फुटला की सायोको स्वयंपाकघरातून पळत आली.

“कोण गेलं?”

“कुणी नाही. स्पीकर ठणठणीत आहे, आवाज वाढवणारा भागही ठणठणीत आहे. म्हणजे बिघाड त्याच्या आधी, चौकीदारात आहे.”

चौकीदार म्हणजे काय ते सांगतो. प्रत्येक सेटमध्ये एक आपोआप चालणारी सोय असते. मोठा आवाज आला की ती सेटचे कान झाकते, नाहीतर ऐकणाऱ्याचे पडदे फाटतील. बारीक आवाज आला की हात काढून घेते. माझ्या सेटमधला हा चौकीदार कान झाकायचा अगदी चोख, पण हात काढायचं विसरायचा. ओत्सुजी-सान गरजले की याचे हात कानावर, आणि मग आजींनी कितीही जीव तोडून सांगितलं तरी हा ढिम्म. काटा मध्यावर अडकला होता तो याचीच खूण.

खात्री करायला हवी होती. मी ओत्सुजी-सानना विनंती केली, “उद्या सकाळी अगदी कमीत कमी जोर ठेवून माझ्याशी बोला. बेटावरच्या आजींइतका बारीक आवाज यायला हवा.”

“समजलं, सेनपाई.”

सकाळी आवाज आला तो असा खणखणीत, स्वच्छ, की मला भरून आलं. मी पुन्हा पुन्हा विचारलं, “अगदी कमी जोरावर आहात ना?” ते म्हणाले, “अगदी कमी, सेनपाई!” झालं! सेट एकदम बरा आहे, इतका बारीक आवाजसुद्धा भरभरून ऐकतोय, आजींचं ऐकू येत नाही तो हवेचा दोष, मी उगीच घाबरलो, असं ठरवून मी झाकणाचे स्क्रू घट्ट बसवले आणि आठवडाभर गावातून छाती काढून फिरलो.

मग सायोको भाजी घेऊन आली. म्हणाली, “ओत्सुजींची बायको भेटली होती. म्हणत होती, हे तुमच्याशी बोलायला बसले की त्यांच्या घरातले सगळे दिवे मंद होतात.”

 दिवे मंद होतात! म्हणजे गडी पूर्ण ताकदीनं बोलत होता. का, तर सेनपाईच्या कानावर मरतुकडा आवाज घालायचा हा उद्धटपणा त्याच्याच्यानं होईना. आता यात कुणाला काय बोलायचं? रागवायचं कशावर, तर माझा मान राखला म्हणून!

सरळ ‘तुम्ही खोटं बोललात’ म्हणणं शक्य नव्हतं. मी आडून सुचवलं. रताळ्याच्या मिठाईचा डबा घेऊन गेलो आणि म्हणालो, “ओत्सुजी-सान, तुमचा आवाज इतका भरदार आहे, की त्यापुढे बाकी कुणाचं काही ऐकूच येत नाही.”

त्यांचे डोळे पाणावले. दुसऱ्याच दिवशी त्यांनी कपाटातून जोर वाढवायचं एक मोठं यंत्र काढून सेटला जोडलं.

एवढा बँकेचा मॅनेजर, पण माणूस खरंच सोन्यासारखा. त्याचा गळा दाबावासा मला वाटला तो क्षणभरच.

मी पुन्हा सेट उघडला, आणि यावेळी माझं पाणीपुरवठा खातं मदतीला आलं. मोठा आवाज आला की त्या चौकीदाराच्या वाटेवर थोडी वीज साठते, टाकीत पाणी भरावं तशी. मग एका बारीकशा वाटेनं ती निथळून जाते, आणि कान मोकळे होतात. वीज साठत होती, पण निथळत नव्हती. म्हणजे काय? मोरी तुंबली! ती बारीक वाट म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढा एक रेझिस्टर. मीटर लावून पाहिला, तर वाट जवळजवळ बंदच झालेली. मी तो काढला, नवा लावला, डाख देताना बोट अजिबात भाजलं नाही (थोडं भाजलं), आणि सेट सुरू केला. काटा शून्यावर! ओत्सुजी-सान गरजले, काटा उसळला आणि लगेच खाली आला, आणि त्यामागून, लांबून, पण शब्दन् शब्द, हात्सुने आजी: “अहो तोगाशी-सान, बांगडा आवडला का?”

मी एकटाच खोलीत टाळ्या वाजवल्या. एवढ्या मोठ्या कंपनीनं हात टेकले होते, आणि ती मोरी मी उघडली होती. सायोको दारातून म्हणाली, “चांगलं झालं. आता ते पिंप बाहेर काढा.”

सरावाच्या दिवशी मी सेट गादीत गुंडाळून हातगाडीवरून समाजमंदिरात नेला. आमच्या गावातले रस्ते कसे आहेत याबद्दल मी नगरपालिकेला अनेकदा कळवलेलं आहे, तेव्हा तो दोष माझा नव्हे. सगळं गाव जमलं होतं, डोक्यावर शिरस्त्राणं, हातात भाताचे मुटके. कुसुनोकी-बाई शिटी गळ्यात घालून उभ्या. मिनोवा-कुनने वाकून वाकून भोंग्यांची तार जोडली आणि म्हणाला, “आपला आवाज आता साऱ्या गावात जाईल, तोगाशी-सान.”

ठरल्याप्रमाणे आधी ओत्सुजी-सान घरून बोलले. मोठ्या यंत्रासकट. “सुप्रभात, सेनपाई!” खांबाखांबावरून ते गावभर घुमलं. लोकांनी कौतुकानं माना डोलावल्या. आणि त्यानंतर शुकशुकाट.

काटा मध्यावर जाऊन बसला होता.  गाडीच्या हिसक्यांनी माझं डाखलेलं टोक सुटलं होतं, दुसरं काय! मोरी परत तुंबली होती, भर गावासमोर. भोंग्यांतून नुसती शांतता. एक मिनिट शांतता किती मोठी असते ते मला त्या दिवशी कळलं. इकुता-बाई खिडकीतून माझ्या छपराकडे बघत होत्या. तिथं आधीच शिडी लावलेली असल्यासारखं बघत होत्या.

कुसुनोकी-बाई हळूच म्हणाल्या, “तोगाशी-सान, तुम्ही फार कष्ट घेतलेत. आपण सगळे मिळून नीट...”

“थांबा!” मी म्हणालो. बाईंना मध्येच तोडलं. गावात असं कुणी करत नाही.

चौकीदार झोपलाय ना? मग त्याला घरी पाठवायचं. मी बटण दाबून आपोआप चालणारी सोय बंदच केली आणि सेटचे कान किती उघडे ठेवायचे ते दुसरं बटण स्वतःच्या बोटांत धरलं. आता चौकीदार मीच. बारीक आवाजाला बटण वर, मोठ्या आवाजाला खाली, आणि चुकलो तर साऱ्या गावाचे कान फुटणार. हळूहळू वर नेलं. खरखर आली. आणखी वर. खरखरीच्या तळाशी काहीतरी हललं. माणसाचा आवाज होता. शब्द मात्र लागेना.

“काय म्हणतायत?” कुसुनोकी-बाईंनी विचारलं.

माझ्या तोंडून सवयीनं ‘पाच-नऊ’ निघणारच होतं. ओठांवर आलं होतं. पण मनात म्हटलं, अरे, ही बाई या वयात परीक्षेला बसली ती हे ऐकायला? मी माईक धरला.

“हात्सुने आजी, तुम्ही पाच-नऊ नाही. तुम्ही दोन-एक आहात. मला काही कळलेलं नाही. परत सांगा.”

 कुणाच्या तरी हातातला मुटका पडला. आणि नेमकं त्याच क्षणी, मदतीला धावून आले आमचे ओत्सुजी-सान: “सेनपाई! मी मध्ये निरोप पोचवू का!”

चौकीदार सुट्टीवर होता. तो आवाज अडवायला कुणीच नव्हतं. साऱ्या गावातले भोंगे एकदम फुटल्यासारखे गरजले, कुत्री भुंकायला लागली, कावळे एकजात उडाले, मिनोवा-कुन टेबलाखाली गेला. भूकंपाच्या सरावाचे नियम त्यानं एकट्यानंच नीट पाळले म्हणायचे.

मी माईकमध्ये ओरडलो, “ओत्सुजी, तोंड बंद कर!”

मानाचं ‘सान’ नाही. ‘करा’सुद्धा नाही. ‘कर’.

त्यानंतर जी शांतता पसरली तीत मी बटण पुन्हा वर नेलं, केसाएवढं, केसाएवढं. आणि आजी आल्या. लांबून, बारीक, पण आल्या.

“हं! आत्ता कसं बोललात!” आजी म्हणाल्या, आणि ते गावातल्या खांबाखांबावरून ऐकू आलं. “इतके दिवस नुसतं पाच-नऊ, पाच-नऊ! मी म्हणायची, हा माणूस ऐकतोय की झोपलाय? बरं, आता हळू सांगते. लिहून घ्या.”

त्यांनी निरोप सांगितला. बेटावर सगळे सुखरूप. पिण्याचं पाणी पाठवा. धक्क्याची उत्तरेची बाजू खचलीय, बोट दक्षिणेनं आणा. शाळेत दोघं जखमी. आवाज लाटेसारखा वरखाली होत होता आणि माझी बोटं त्याच्याबरोबर वरखाली होत होती. त्या तिकडं दम घ्यायला थांबल्या तरी मी इकडं बटण सोडलं नाही. कुसुनोकी-बाईंच्या हातात निरोपाची बंद प्रत होती, ती उघडून त्यांनी एकेक शब्द जुळवला. जुळला.

निरोप संपला, पण आजी थांबल्या नाहीत. जरा वेळानं त्यांचा आवाज आला, आधीपेक्षा हळू. “तोगाशी-सान, एक विचारू? तुम्ही सोडून अजून कुणी ऐकतंय का? की आपण दोघंच?”

मी मागं वळून पाहिलं. सगळं गाव शिरस्त्राणं घालून, माना पुढे काढून उभं होतं. परवाना नसलेल्यांनी माईकवर बोलायचं नाही असा नियम आहे, आणि मी नियम मोडणारा माणूस नव्हे. पण ओरडणं म्हणजे काही बोलणं नव्हे, असं मी माझ्यापुरतं ठरवलं. मी माईक सगळ्यांच्या दिशेनं उंच धरला.

“ऐकतोय!” सगळे ओरडले. सर्वांत मोठा आवाज इकुता-बाईंचा होता. रोज सकाळी चाललेलं हे बोलणं आपल्या घरावरून जातं हे त्यांनी पहिल्यांदाच कानांनी ऐकलं होतं.

 मी बटण आणखी केसभर वर नेलं. तेव्हा ऐकू आलं, आजी नाक ओढत होत्या. मग म्हणाल्या, “बाई गं, इतकी माणसं! आणि मी घरातल्या कपड्यांत बसलेय.”

गाव खो खो हसलं. कुसुनोकी-बाई डोळे पुसत समोर आल्या आणि काही म्हणणार, तेवढ्यात इकुता-बाईच पुढे झाल्या. या वेळी गोड हसून नाही, चांगल्या तावातावानं म्हणाल्या, “एवढ्या बुटक्या ॲन्टेनावर त्या म्हाताऱ्या बाईंना घसा फोडून ओरडायला लावता? लाज नाही वाटत? उंच करा तो! माझं कपडे वाळत घालायचं मी बघते.”

“उंच म्हणजे किती?” मी विचारलं.

“त्यांना कुजबुजता यायला हवं इतका!”

ओत्सुजी-सान धापा टाकत समाजमंदिराच्या दारात पोचले होते. माझ्यासमोर कमरेत वाकले आणि म्हणाले, “सेनपाई, आयुष्यात पहिल्यांदा तुम्ही मला ‘कर’ म्हणालात. आता मी खरोखर जवळचा झालो.” त्यांचा ऊर भरून आला होता. माझाही आला, कशाला खोटं सांगू?

सेट बंद करून बटणावरून हात काढला, तर बोटं धरली होती तशीच वाकडी राहिली, सरळ होईनात. सायोको म्हणाली गरम पाण्यात घाला. मी म्हणालो, घाई काय आहे? आणि ती वाकडी बोटं तशीच समोर धरून मी मुद्दाम लांबच्या रस्त्यानं घरी गेलो, भेटेल त्याला दाखवत.